३,३५,५०,३३६ : एका संख्येला लेबलं तरी किती लावायची?

उरलेली बाकी (धागाकर्ता)

कुठलीही संख्या टाकली की तिची सगळी कुंडली काढून देणाऱ्या साइट्स तुम्ही पाहिल्या असतील. मूळ की संयुक्त, विभाजक किती, अंकांची बेरीज किती, आणि खाली तिला लागू पडणाऱ्या वर्गांची लांबलचक यादी. अशाच एका ठिकाणी मी ३३५५०३३६ टाकली. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस.

आलेली उत्तरं: परिपूर्ण, त्रिकोणी, षटकोनी, ओअरची हार्मोनिक विभाजक संख्या, प्रॅक्टिकल संख्या, पर्निशस, ओडियस, पहिल्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीज. विभाजक २६. अंकांची बेरीज २८. हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) नाही.

यादी वाचून आधी भारी वाटलं, मग संशय आला. यातली किती माहिती खरोखर वेगवेगळी आहे? मला वाटतं जवळपास सगळं एकाच ओळीतून निघतं:

३३५५०३३६ = २^१२ × ८१९१ (^ म्हणजे घात), आणि ८१९१ = २^१३ − १ ही मूळ संख्या आहे.

सुरुवात मीच करतो. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच. ६ = १ + २ + ३, २८ = १ + २ + ४ + ७ + १४. आपल्या संख्येचे विभाजक दोन रांगांत बसतात. पहिली रांग १, २, ४, ८ ... ४०९६, असे तेरा. दुसरी रांग ८१९१, १६३८२ ... अशी दुपटीने वाढत शेवटी खुद्द ३३५५०३३६ पर्यंत, याही तेरा. पहिल्या रांगेची बेरीज ८१९१. दुसरीतून खुद्द संख्या वगळली तर ८१९१ च्या (१ + २ + ... + २०४८) म्हणजे ४०९५ पटी. दोन्ही मिळून ८१९१ ची ४०९६ पट, आणि तीच आपली संख्या. विभाजक २६ का, तेही यातच आलं.

बाकीची लेबलंही अशीच सोलता येतात का बघूया. मला शोधायचंय ते एवढंच: यादीतलं काय आपसूक आलंय आणि काय निव्वळ योगायोग आहे?

---

गणितभीरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). धागा कळेल तेवढा कळेल.

एक बाळबोध प्रश्न. ६, २८, ४९६, ८१२८ इथपर्यंतच्या परिपूर्ण संख्या मला माहीत होत्या. त्यानंतर एकदम साडेतीन कोटीच्या आसपास उडी? मधे काहीच नाही?

---

तेरावा घात

@गणितभीरू, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. ग्रीक गणिती निकोमाकस इसवी सन १०० च्या सुमारास लिहीत होता, तेव्हा त्याच्याकडे याच चार संख्या होत्या. त्यावरून त्याने दोन गोष्टी ठोकून दिल्या: एक आकडी, दोन आकडी, तीन आकडी असं करत प्रत्येक गटात एकेक परिपूर्ण संख्या सापडते, आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८ येतो. म्हणजे पाचवी संख्या पाच आकडी हवी होती. ती निघाली आठ आकडी.

कृती मात्र त्याच्याही आधीची, युक्लिडची. १, २, ४, ८ अशी दुपटीने बेरीज करत जा. बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणा. वर धागाकर्त्याने जे केलं ते हेच. उडी पडते ती 'बेरीज मूळ आली की' या अटीमुळे. बेरजा असतात ३, ७, १५, ३१, ६३, १२७, २५५, ५११, १०२३, २०४७, ४०९५, ८१९१. घातांक संयुक्त असला की बेरीज आपोआप फुटते (२^६ − १ ला २^२ − १ आणि २^३ − १ या दोघींनी भाग जातो), म्हणून घातांक मूळ हवा. २, ३, ५, ७ चालले, पहिल्या चार परिपूर्ण संख्या मिळाल्या. मग आला ११, आणि २०४७ दिसायला चांगली साळसूद, पण २३ × ८९ निघाली. रेजियस नावाच्या गणितज्ञाने १५३६ मध्ये हे अवयव छापले. तोपर्यंत घातांक मूळ असला की काम झालं असं मानणारे पुष्कळ होते. ११ गळल्यावर पुढचा घातांक १३, म्हणून २^६ × १२७ वरून उडी थेट २^१२ × ८१९१ वर.

आपली संख्या त्याआधीही माहीत होती. तेराव्या शतकातला गणिती इब्न फल्लूस, त्याच्या यादीत ती आहे, आणि पंधराव्या शतकातल्या एका निनावी युरोपीय हस्तलिखितातही आहे.

आता ८१९१ मूळ आहे हे कोणी नुसतं सांगितलं म्हणून मानू नका, हातानेच करा. वर्गमूळ ९०.५ च्या आसपास. साध्या पद्धतीने ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून बघायला लागेल. पण फर्माने १६४० मध्ये दाखवलेली एक गोष्ट हाताशी धरली तर काम फार कमी होतं. समजा मूळ संख्या 'क' ने २^१३ − १ ला भाग जातो. म्हणजे क ने भागल्यावर २^१३ ची बाकी १ राहते. १३ मूळ असल्याने त्याहून लहान कुठल्याही घाताला (शून्य सोडून) बाकी १ येत नाही. आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे २^(क−१) ची बाकीही १ च. तेव्हा क − १ ला १३ ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून २६ नेही. म्हणजे क फक्त २७, ५३, ७९ यांपैकीच. २७ मूळ नाही. उरल्या दोन:

८१९१ = ५३ × १५४ + २९
८१९१ = ७९ × १०३ + ५४

दोन भागाकारांत ८१९१ मूळ ठरली. याच चाळणीतून २०४७ टाका: क असायला हवा २२ च्या पटीपेक्षा एकाने मोठा, पहिलाच उमेदवार २३, आणि तोच भागतो.

---

शेजारचा अंक

@तेरावा घात, ५३ चा भागाकारही वाचवता येतो. २^१३ ची बाकी १, म्हणून २^१४ ची बाकी २. पण २^१४ हा २^७ चा वर्ग. म्हणजे क च्या हिशोबात २ ही कशाचा तरी वर्ग आहे, आणि असं फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी राहणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीत घडतं. ५३ ची बाकी ५. बाद. उरला फक्त ७९.

---

तेरावा घात

मस्त. म्हणजे एक भागाकार आणि काम तमाम.

इटालियन गणिती कॅताल्दीला हे ठाऊक नव्हतं. त्याने १७ आणि १९ घातांकांसाठी अवयव शोधत सरळ भागाकार केले, १६०३ मध्ये छापले, आणि सहावी (८५८९८६९०५६) व सातवी (१३७४३८६९१३२८) परिपूर्ण संख्या पक्की केली. मग उत्साहात २३, २९, ३१, ३७ हे घातांकही चालतात असं लिहून गेला. त्यातला फक्त ३१ खरा. २३ चं पितळ उघडं पाडायला वरच्या चाळणीतला पहिला उमेदवार ४७ पुरतो: ८३८८६०७ = ४७ × १७८४८१. ३१ चा निकाल ऑयलरने १७७२ मध्ये लावला.

---

साशंक

सगळं ठीक, पण एक गोष्ट गृहीत धरून चाललाय. युक्लिडच्या कृतीने परिपूर्ण संख्या *मिळते*. पण प्रत्येक परिपूर्ण संख्या तिथूनच येते कशावरून? मधे कुठेतरी वेगळ्याच घडणीची एखादी बसलेली असेल तर हिला 'पाचवी' म्हणणं चुकीचं ठरेल.

---

उरलेली बाकी

@साशंक, रास्त. सम संख्यांपुरता प्रश्न ऑयलरने मिटवला: सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्याच साच्याची असते, दुसरी असूच शकत नाही. ही सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली.

विषमाचं म्हणाल तर विषम परिपूर्ण संख्या एकही सापडलेली नाही आणि नाहीच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. पण असलीच तर ती १०^१५०० पेक्षा मोठी असली पाहिजे हे ओकेम आणि राव यांनी २०१२ मध्ये दाखवलं. आपली संख्या आठ आकडी, ती पंधराशे आकड्यांच्या पलीकडची. तेव्हा 'पाचवी' बिनघोर म्हणा. उलट सध्याच्या सर्वात मोठ्या ज्ञात परिपूर्ण संख्येला 'बावन्नावी' म्हणताना जीभ आवरायला हवी. ती २^१३६२७९८४१ − १ या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येतून येते, तिला आठ कोटी वीस लाखांहून जास्त आकडे आहेत, आणि तिच्या अलीकडचे सगळे घातांक अजून दोनदा तपासून झालेले नाहीत.

---

सरळव्याज

भूमितीची लेबलं मी घेते.

त्रिकोणी: १ पासून ८१९१ पर्यंतची बेरीज = ८१९१ × ८१९२ ÷ २ = ८१९१ × ४०९६. झालं.

षटकोनी: 'न' वी षटकोनी संख्या न × (२न − १) असते. न = ४०९६ घाला. झालं. मुळात प्रत्येक षटकोनी संख्या त्रिकोणी असतेच, तेव्हा ही दोन लेबलं वेगळी मोजणं म्हणजे यादी फुगवणं.

घनांचं लेबल जरा बरं आहे. पहिल्या न विषम संख्यांच्या घनांची बेरीज न² × (२न² − १) येते. न = ६४ घेतला की न² = ४०९६, आणि कंसात ८१९१. म्हणजे १³ + ३³ + ५³ + ... + १२७³ = ३३५५०३३६. लहान भावंडांवर पडताळून पाहा: १ + २७ = २८, आणि १ + २७ + १२५ + ३४३ = ४९६. एकटी ६ यात बसत नाही, कारण तिथे न² च्या जागी २ येतो.

यादीत नाही अशी एक गोष्ट सांगते, मला ती जास्त आवडते. लागोपाठच्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून एखादी संख्या किती प्रकारे लिहिता येते? तिला १ सोडून जितके विषम विभाजक, तितक्या प्रकारे. आपल्या संख्येला असा विभाजक एकच, ८१९१. म्हणून १ + २ + ... + ८१९१ हा एकमेव प्रकार. साडेतीन कोटीच्या जवळची संख्या, आणि लागोपाठच्या बेरजेत मांडायची तर दुसरा रस्ताच नाही!

---

उरलेली बाकी

@सरळव्याज, ही शेवटची गोष्ट त्या यादीत का नव्हती कोण जाणे.

हार्मोनिकचं मी बघितलं. ओअरने १९४८ मध्ये हा वर्ग मांडला: ज्या संख्येच्या सगळ्या विभाजकांचा हरात्मक मध्य पूर्णांक येतो ती. हा मध्य = संख्या × विभाजकांची संख्या ÷ विभाजकांची बेरीज. परिपूर्ण संख्येत विभाजकांची एकूण बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणून उत्तर विभाजकांच्या संख्येच्या निम्मं. २६ चं निम्मं १३. म्हणजे तो मध्य काढला की घातांकच हातात येतो. ६ ला २, २८ ला ३, ४९६ ला ५. फिरून तोच १३.

प्रॅक्टिकलवर मात्र जरा थांबावंसं वाटलं. हे नाव ए. के. श्रीनिवासन यांनी दिलं, तेही १९४८ मध्येच. अट अशी: संख्येपेक्षा लहान असलेली प्रत्येक धन संख्या तिच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून लिहिता आली पाहिजे. तीन कोटी संख्या तपासायच्या? काही गरज नाही. सांगाल ती संख्या घ्या, ८१९१ ने भागा. भागाकार ४०९५ च्या आत असतो, तो १, २, ४ ... २०४८ यांच्या बेरजेत फोडा आणि प्रत्येकाला ८१९१ ने गुणा. हे सगळे दुसऱ्या रांगेतले विभाजक. बाकी ८१९० च्या आत असते, ती १, २, ४ ... ४०९६ यांत फोडा; हे पहिल्या रांगेतले. दोन रांगांत सामाईक काही नाही, म्हणून एकही विभाजक दोनदा वापरावा लागत नाही.

नमुन्याला एक कोटी घेऊ:

१,००,००,००० = ८१९१ × १२२० + ६९८०
१२२० = १०२४ + १२८ + ६४ + ४
६९८० = ४०९६ + २०४८ + ५१२ + २५६ + ६४ + ४

चार विभाजक दुसऱ्या रांगेतून, सहा पहिल्या रांगेतून. दहा विभाजकांत कोटी उभी राहिली.

---

गणितभीरू

कोटीचं उदाहरण कळलं, म्हणजे आता मला प्रगती म्हणायला हरकत नाही.

पण ते पर्निशस आणि ओडियस काय आहे? बिचाऱ्या संख्येने कोणाचं काय घोडं मारलंय?

---

तेरावा घात

ती नावं ठेवणाऱ्यांनाच माहीत. द्विमान पद्धतीत संख्या लिहा आणि १ किती येतात ते मोजा. मोजणी विषम आली तर ओडियस, सम आली तर ईव्हिल, मूळ संख्या आली तर पर्निशस. आपली संख्या २^२५ − २^१२ आहे, म्हणजे ३३५५४४३२ − ४०९६. द्विमानात ती तेरा १ आणि पुढे बारा ० अशी दिसते:

११११११११११११ १ ०००००००००००० (मधली फट मोजायला सोपं जावं म्हणून)

तेरा विषम आहे आणि मूळही. दोन्ही लेबलं एकदम. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या पर्निशस असणारच, कारण १ ची मोजणी म्हणजे तो मूळ घातांक. आणि सगळ्या ओडियसही, अपवाद एकट्या ६ चा: ११०, दोन १, म्हणून ईव्हिल. जिला लोक दोन हजार वर्षं परिपूर्ण म्हणत आले तीच निघाली दुष्ट!

---

दशमान

इतका वेळ गप्प बसून वाचत होतो, पण आता पायाचा विषय निघालाच आहे.

परिपूर्ण असणं हा संख्येचा गुण आहे, ती कुठल्याही पद्धतीत लिहा. अंकांची बेरीज हा लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. चारच्या पायावर हीच संख्या १३३३३३३०००००० दिसते, आठच्या पायावर १७७७७००००. तिथे तुमची २८ कुठे गेली? आमच्या दहा बोटांमुळे आलेल्या गोष्टी गणिताच्या नावावर खपवू नयेत, असं माझं मत. हर्षद आहे की नाही, हेही त्यातच. हर्षद हे नाव देणाऱ्या कापरेकरांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतोय.

अवांतर: हर्षद नाही याचं कारण मात्र दोन ओळींचं आहे. अंकांची बेरीज २८, तेव्हा ७ ने भाग जायला हवा. ४०९६ ला ७ ने भागून बाकी १, ८१९१ ला भागूनही बाकी १. गुणाकाराची बाकी १. नाही जात.

---

सरळव्याज

@दशमान, अर्धं पटलं. अंकांची बेरीज दहाच्या पायाची, कबूल. पण तिच्यात नऊने भागल्यावरची बाकी दडलेली असते, आणि ती बाकी पायावर अवलंबून नाही.

हे बघा. २८ → १०, ४९६ → १९, ८१२८ → १९, ३३५५०३३६ → २८, ८५८९८६९०५६ → ६४, १३७४३८६९१३२८ → ५५. सगळ्यांची पुन्हापुन्हा बेरीज करत गेलं की शेवटी १ उरतो. कारण असं: २^१२ च्या जागी 'म' म्हणूया. घातांक विषम असला की त्यातून एक वजा केल्यावर सम, म्हणून म हा ४ चा कुठलातरी घात, आणि ४ च्या कुठल्याही घाताला ३ ने भागून बाकी १. म = ३ट + १ घाला:

म(२म − १) = (३ट + १)(६ट + १) = १८ट² + ९ट + १

नऊने भागून बाकी १, प्रत्येक वेळी. ६ सोडून सगळ्या सम परिपूर्ण संख्यांना हे लागू.

तेव्हा बाकी १ ही सक्ती. पण बेरीज १०, १९, ३७, ४६ यांतली काहीही न येता नेमकी २८ यावी, म्हणजे स्वतःच एक परिपूर्ण संख्या, याच्यामागे मला काही कारण दिसत नाही. धागाकर्ते, तुमच्या योगायोगाच्या खात्यात ही एक जमा करा.

---

दशमान

मान्य. मग शेवटच्या अंकाचंही उरकून टाकतो, तोही दहाचाच पाया. म हा ४ चा घात. ४ चे घात आळीपाळीने ४ आणि ६ ने संपतात. म च्या शेवटी ६ असेल तर २म − १ च्या शेवटी १, गुणाकाराच्या शेवटी ६. म च्या शेवटी ४ असेल तर २म − १ च्या शेवटी ७, गुणाकाराच्या शेवटी ८. म्हणजे सगळं यावर ठरतं की घातांकाला ४ ने भागून बाकी १ येते की ३. घातांक ३, ५, ७ यांच्या बाक्या ३, १, ३, म्हणून निकोमाकसला आळीपाळी दिसली. १३ आणि १७ दोघांची बाकी १, म्हणून पाचवी आणि सहावी दोन्ही ६ ने संपतात. मग १९ आणि ३१ दोघांची बाकी ३, सातवी आणि आठवी दोन्ही ८ ने. आळीपाळी कधी नव्हतीच, चारच संख्या हाताशी होत्या एवढंच.

---

साशंक

एक वेगळा मुद्दा. 'परिपूर्ण' म्हटलं की लोकांना वाटतं हिला भरपूर विभाजक असणार. २६ म्हणजे काहीच नाही हो. हिच्याच थोडं अलीकडे ३२४३२४०० आहे, २^४ × ३^४ × ५^२ × ७ × ११ × १३. तिला ६०० विभाजक. रामानुजन यांनी १९१५ मध्ये ज्यांचा अभ्यास केला त्या अतिसंयुक्त संख्यांपैकी ती एक, म्हणजे तिच्याहून लहान कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. तिच्या विभाजकांची बेरीज तिच्या ४.८ पटींहून जास्त. कोणी अंकगणितात कामाला लावायला संख्या मागितली तर मी हीच देईन. परिपूर्ण संख्या काठावर उभी असते, बेरीज कमीही नाही, जास्तही नाही. त्या काठाचं इतकं कौतुक का, हे मला आजवर कळलेलं नाही.

---

गणितभीरू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला).

(साशंकना उत्तर लिहिलं होतं, पण खालचा प्रतिसाद वाचून काढलं.)

---

शेजारचा अंक

काठाचंच निघालंय तर एक गंमत.

परिपूर्ण संख्येतून एक वजा करा. म(२म − १) − १ = २म² − म − १ = (२म + १)(म − १). म्हणजे अलीकडची संख्या प्रत्येक वेळी आपोआप फुटते. आपल्या बाबतीत:

३३५५०३३५ = ८१९३ × ४०९५ = (३ × २७३१) × (३² × ५ × ७ × १३)

एकत्र केलं की ३³ × ५ × ७ × १३ × २७३१. आता ३³ × ५ × ७ = ९४५, आणि ९४५ ही सर्वात लहान विषम विपुल संख्या (विपुल म्हणजे स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त). विपुल संख्येची प्रत्येक पट विपुलच असते. म्हणून ३३५५०३३५ विषम असूनही विपुल!

आकडाही काढला. सगळ्या विभाजकांची बेरीज ४० × ६ × ८ × १४ × २७३२ = ७,३४,३६,१६०. त्यातून खुद्द संख्या वजा केली की ३,९८,८५,८२५. संख्येपेक्षा त्रेसष्ट लाखांनी जास्त.

काठावर उभी असलेली ३३५५०३३६, आणि तिला चिकटूनच काठ ओलांडलेली विषम संख्या. हे त्या साइटच्या यादीत असण्याची शक्यताच नाही, कारण ती शेजारणीची गोष्ट आहे. आधीच्या चौघींच्या अलीकडच्या संख्या ५, २७, ४९५, ८१२७. चारही न्यून, म्हणजे बेरीज कमी पडणाऱ्या. मग हा योगायोग म्हणायचा?

---

उरलेली बाकी

वा! हा प्रतिसादच वेगळा धागा व्हायला हवा होता.

पण योगायोगाच्या खात्यात टाकायच्या आधी खणून बघितलं, आणि तो योगायोग नाही. ४०९५ म्हणजे २^१२ − १. ज्या घातांकातून एक वजा केल्यावर १२ ने भाग जातो, तिथे म − १ ला ४०९५ ने भाग जाणारच, म्हणजे ३² × ५ × ७ मिळाले. आणि घातांक विषम असला की २म + १ ला ३ ने भाग जातो, तिसरा ३ तिथून. म्हणून १२ ने भागून बाकी १ राहणारा घातांक असला की अलीकडची संख्या ९४५ ची पट. १३ हा असा पहिलाच.

सहावी ते आठवी (१७, १९, ३१) यांच्या अलीकडच्या संख्या अवयव पाडून तपासल्या: तिन्ही न्यून. एकतीसची जेमतेम हुकते, बेरीज दुपटीऐवजी १.९२ पटीच्या आसपास अडकते. मग येतो ६१. ६१ − १ = ६०, बाराने भाग जातो. म्हणजे नवव्या परिपूर्ण संख्येच्या अलीकडची संख्या पुन्हा विपुल. पहिल्या नऊंत पाचवी आणि नववी, बस. त्यानंतर या कारणाने हमखास विपुल येणारी पुढची थेट २२८१ घातांकाची. मधल्यांत एखादी दुसऱ्या कारणाने विपुल आहे का ते मी तपासलेलं नाही, कोणी हौशी असेल तर बघा.

---

गणितभीरू

आणि एक मिळवला तर? ३३५५०३३७?

---

शेजारचा अंक

तिथे २म² − म + १ येतं, आणि त्याची अशी फोड पडत नाही. सूत्र हात वर करतं, प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे भागून बघावी लागते. ३, ५, ७, ११, १३, १७ यांनी जात नाही एवढं करून ठेवलंय. १९ पासून पुढे तुम्ही घ्या.

---

गणितभीरू

माझं सदस्यनाम वाचलंत ना?